खेळ वर्गात हवा, शिक्षकाच्या जागी नको

मुलांना खेळातून शिकवावे, हे तत्त्व आता सरकारी कागदांतही शिरले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ मोहीम सुरू केली; २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, कोडी व बाहुल्यांचा ‘जादुई पिटारा’ आणला. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु खेळाच्या नावाखाली वर्गात नेमके काय येत आहे, हे तपासले पाहिजे.

लखनौला या बाबतीत परंपरा आहे. १९५६ मध्ये अलाहाबादहून येथे आलेल्या ‘साक्षरता निकेतन’ने प्रौढांच्या साक्षरतेसाठी कठपुतळ्यांचा उपयोग केला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केले. पाने, बिया, शिंपले ही तेथील साधने. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. या साऱ्यांत खेळ हाच शिक्षणाचा गाभा होता.

आज मात्र गुण, बिल्ले व क्रमवारीचे तक्ते यांनाच खेळ म्हटले जाते. ही युक्ती जुनी आहे. १७९८ मध्ये लंडनला जोसेफ लँकेस्टरने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिच्या पद्धतीत एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले असत. उत्साह टिकावा म्हणून तिकिटे व बक्षिसे वाटली जात. बक्षिसे स्वस्त होती, शिक्षक महाग! शिवाय क्रमवारीत पहिला एकच असतो. धाकट्या भावंडांना सांभाळून उशिरा येणारी मुलगी तळाशीच राहते.

जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला. मुलांना सोबती व साधने मिळतील, असा त्याचा दावा होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेले. ७ जुलैला याचिका फेटाळल्या गेल्या. २४ जुलैला द्विसदस्य पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्यास सांगितले. सोबती हवेत, हे खरेच. पण सहा वर्षांच्या मुलाला शाळेपर्यंत चालत पोचता आले नाही, तर पिटारा कोणासाठी उघडायचा?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला आहे. खेळातून शिकविण्याची ती पहिली अट होय. ती प्रत्येक गावात पाळली जावी, हीच पालकांची व शिक्षक संघटनांची मागणी असली पाहिजे.