पुष्पकावरचा कारकून

प्रिय आरती कडव यांस,


हे पत्र मुकुटबनहून लिहितो आहे. तुम्ही नागपूरच्या, तेव्हा यवतमाळ जिल्हा कुठे हे सांगायला नको; मुकुटबन मात्र नागपूरकरांनाही सांगावं लागतं. वणीच्या पुढे, झरी जामणी तालुक्यात, माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रुळावर. तुमचा ‘कार्गो’ हा सिनेमा 9 सप्टेंबर 2020 ला नेटफ्लिक्सवर आला. मी तो पुतण्याच्या मोबाईलवर, नेट अडखळत असताना, दोन बैठकांत पाहिला. मग त्यावरची परीक्षणं हुडकून वाचली आणि भांडायची हुक्की आली. समीक्षकांचा पत्ता नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

कौतुक बऱ्याच जणांनी केलं. पण कौतुकाच्या शेपटाला तेच एक वाक्य लटकलेलं: एवढ्याशा पैशात केवढं केलं! लग्नाच्या पंगतीतून उठताना ‘त्यांच्या ऐपतीच्या मानानं बरं होतं’ म्हणावं, तसं. यजमानाला ते लागतं, पण बोलता येत नाही. अमेरिकेत शेन कॅरुथनं सुमारे सात हजार डॉलरांत ‘प्रायमर’ केला, 2004 साली सनडान्सचं मोठं पारितोषिक घेतलं, आणि ते सात हजार दंतकथा झाले. आपल्याकडे तोच आकडा सवलतीचा गुण होतो.

थोडक्या साधनांत काम साधणं आपल्याला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडंथोडं चित्रण करून त्याचं रोपटं पडद्यावर भराभर वाढवून दाखवलं आणि त्या जोरावर भांडवल उभं केलं. काळ आखडून दाखवायला त्यांना कुंडी पुरली. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटात फाळके झालेले नंदू माधव तुमच्या सिनेमात नीतिज्ञ नावाचं पात्र होऊन जुनाट पडद्यावरून अंतराळयानाला सूचना देतात, तेव्हा मी एकटाच हसलो. हे तुम्ही मुद्दाम केलं की सहज घडलं, कोण जाणे.

आता मूळ मुद्दा. मी महसूल खात्यात कारकून होतो. ‘पुष्पक 634-ए’ हे यान मला पहिल्या दहा मिनिटांतच ओळखीचं वाटलं. तुमच्या सिनेमातले राक्षस आता माणसं मारत नाहीत, मेलेल्यांची पुढची व्यवस्था बघण्याची नोकरी करतात. माणूस येतो, त्याच्याजवळच्या वस्तू काढून घ्यायच्या, शरीर दुरुस्त करायचं, आठवणी पुसायच्या, पुढच्या जन्माला लावून द्यायचं. तो गेला की दुसरा हजर. त्यांतला एक, विक्रांत मॅसीचा प्रहस्त, हे सगळं ज्या कोऱ्या चेहऱ्यानं करतो, त्याला कुणी थंडपणा म्हटलं, कुणी सिनेमाला संथ म्हटलं. अहो, तो चेहरा नोकरीचा आहे. रोज मरण हाताळणाऱ्याला तो चढवावाच लागतो, नाहीतर दुपारचा डबा उघडवत नाही.

आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की फाईल तयार होते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेचं कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा. सगळं जुळलं तर प्रकरण ‘पात्र’, नाहीतर ‘अपात्र’. पात्र ठरल्यास एक लाख: तीस हजार हातात, सत्तर हजार वारसाच्या नावे ठेव म्हणून. हे कागद मी वर्षानुवर्षं लावले. जमीन बापाच्या नावावर आणि मेला मुलगा, अशा फाईलवर पेन अडायचं. पण पेन खाली ठेवून चालत नाही; मागे दुसरी फाईल असते.

म्हणून ज्यांना ‘कार्गो’मध्ये पुराणकथा आणि विज्ञान यांची गमतीशीर खिचडी दिसली, त्यांच्याशी माझं जमणार नाही. मला त्यात तालुक्याचं ऑफिस दिसलं. राक्षसांबद्दलही त्यांच्याशी माझं जमत नाही. आमच्या विदर्भात रावणाला मानणारे गोंड लोक आहेत, दसऱ्याला त्याचा पुतळा जाळू नका म्हणून निवेदनं देतात. प्रहस्त हे रावणाच्या सेनापतीचं नाव. त्याला खलनायक न करता हुद्द्यावर बसवलंत, ही गोष्ट परीक्षणांत एका ओळीत उरकलेली पाहून वाईट वाटलं.

सवलत नको म्हणतो, तर मीही देत नाही. प्रहस्ताची नवी सहायक युविष्का यानावर येईपर्यंत तुमची पकड पक्की आहे. नंतर प्रहस्ताची जुनी प्रेमकथा येते आणि यान जरा भरकटतं. तिथे पैसा कमी पडला नव्हता, लेखन कमी पडलं. दुसरं, यानावर येणारी माणसं मला शहरातलीच जास्त वाटली. कपाशीच्या शेतातून थेट आलेला कुणी माझ्या लक्षात नाही. तुम्ही आयआयटीत शिकलात, मुंबईत काम करता, पण नागपूरचं पाणी प्यायलात; तेवढी अपेक्षा धरली तर रागावू नका.

एक विचारायचं राहिलं. मेलेल्यांच्या वस्तू यानावर काढून घेतात. आमच्या पंचनाम्यातही यादी असते. अशा एका यादीत लिहिलं होतं: चपलेचा एक जोड, बिडीचं बंडल, काडेपेटी, बँकेची नोटीस चार घड्या केलेली. बाकीचं घरच्यांनी नेलं. ती नोटीस घ्यायला मात्र कुणी तयार होईना, आणि ती बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होती. तुमच्या प्रहस्तानं असल्या कागदाचं काय केलं असतं?

आपला,
एक सेवानिवृत्त कारकून,
मुकुटबन