वर्दीवरचे कर्ज

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष जगण्याचे. आमच्या वसतिगृहांतून शिकून पोलीस दलात गेलेल्या मुलामुलींचा विचार करताना यांतील तिसरे सुख आम्हांला अस्वस्थ करते.

पोलीस भरतीचा हक्क आपल्याला सहज लाभलेला नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी लष्कर, आरमार व पोलीस यांतील भरतीचा हक्क मागितला. आज तो हक्क आहे. पण अनेक घरांत वर्दीबरोबर बँकेचा हप्ताही येतो. शिपाई होण्यास बारावी पुरते, तरी २०२४ च्या भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. अर्जदारांत अभियंतेही होते. कर्ज काढताना डोळ्यांपुढे अभियंत्याचा पगार असतो, हाती येते शिपायाचे २१,७०० रुपये मूळ वेतन. शिक्षणानंतरची वर्षभराची मुदत भरतीच्या तयारीतच सरते. अल्प उत्पन्न गटाला केंद्राकडून मिळणारी व्याजाची सवलतही त्या मुदतीपुरतीच असते.

अमेरिकेत २००७ च्या कायद्याने पोलिसांसह सार्वजनिक सेवेतील पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनी १२० पात्र हप्ते भरल्यावर त्यांचे उर्वरित सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होते. आपल्या राज्य शासनानेही पोलीस सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे कर्जाचा ठरावीक हिस्सा फेडावा, असे आमचे मत आहे. पोलिसांनाच का, असे कोणी विचारील. शिक्षक आणि परिचारिका यांनाही हे मिळावे. परंतु ज्याच्या हाती कायद्याची सत्ता आहे त्याची आर्थिक ओढाताण साऱ्या समाजाला महाग पडते, म्हणून आरंभ येथून व्हावा.

मात्र ही मदत बेडी होऊ नये. १९१३ साली बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दहा वर्षांच्या नोकरीच्या करारावर. पुढे बडोद्यात त्यांना राहायला जागाही मिळेना आणि १९१७ साली ते शहर सोडावे लागले. करार सेवेचा होता, सन्मानाची हमी त्यात नव्हती. म्हणून छळामुळे वा आजारपणामुळे जो सेवा सोडील, त्याच्याकडून आधी फेडलेला हिस्सा परत मागू नये.

तथागतांनी निर्दोषतेचे सुख सर्वश्रेष्ठ मानले; पहिली तिन्ही त्याच्या सोळाव्या अंशाचीही नाहीत. तेव्हा कर्ज ही लाच घेण्याची सबब कधीच होऊ शकत नाही. पण सम्यक आजीविकेचा मार्ग चालणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे हलके करणे हे आपले कर्तव्य आहे. शासन जागे होईपर्यंत माजी विद्यार्थ्यांनी एक व्याजनिधी उभारावा आणि कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी पालकांना ते समजावून सांगणारी माणसे शाळेत बसवावीत. या स्मरणिकेच्या निमित्ताने एवढा संकल्प झाला, तरी पुढच्या तुकडीचा भार हलका होईल.