रुग्णालयाच्या सर्व्हरलाही औषध तपासूनच द्यावे

जालना, बीड, परभणीहून पहाटेची एसटी धरून निघालेला रुग्ण सकाळी छत्रपती संभाजीनगरला घाटीत पोहोचतो आणि आधी उभा राहतो तो केसपेपरच्या रांगेत. डॉक्टरच्या आधी त्याची गाठ संगणकाशी पडते. राज्यातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आज हेच चित्र आहे. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, रक्तपेढी, औषधसाठा असे एकेक काम संगणकावर गेले आणि ते योग्यच झाले. पण ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द कानावर पडले की रांगेतला माणूस नशिबाला बोल लावतो आणि कर्मचारी कंपनीला. सर्व्हरच्या प्रकृतीची चर्चा आरोग्याच्या पानावर सहसा होत नाही. ती व्हायला हवी.

संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचे, नेटवर्कवर कोणी बोलायचे, हे सारे तो ठरवतो. शरीराशी तुलना करायची तर तो मस्तिष्कस्तंभ. विचार करत नाही, पण श्वास त्याच्यामुळे चालतो. जगभरातले बरेचसे सर्व्हर लिनक्स नावाच्या खुल्या कर्नलवर चालतात. आता एकाच यंत्रावर अनेक सॉफ्टवेअर वेगवेगळ्या ‘कंटेनर’मध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. नोंदणी एका कंटेनरमध्ये, प्रयोगशाळा दुसऱ्यात. स्वस्त आणि सोयीची पद्धत आहे. मात्र हे कंटेनर म्हणजे एकाच इमारतीतले फ्लॅट. प्रत्येकाच्या दाराला कुलूप वेगळे, पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच. कर्नल ही ती टाकी.

टाकीत दोष असला तर काय होते, हे २०१६ च्या ऑक्टोबरात दिसले. ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला लिनक्समधला दोष २००७ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये दडून होता. साध्या वापरकर्त्याला त्यातून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येई, कंटेनरची भिंत ओलांडून बाहेरही पडता येई. गंमत म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षांपूर्वीच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, पण एका प्रकारच्या मोठ्या संगणकांवर त्या दुरुस्तीने अडचणी आल्या म्हणून ती मागे घेतली गेली. स्वतः टोरवाल्ड्स यांनीच नव्या दुरुस्तीसोबत तसे लिहून ठेवले. पुढे २०१७ मध्ये त्या नव्या दुरुस्तीतही एक फट सापडली.

औषधांशी रोज संबंध येणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, हे औषधच आहे. ते न दिल्याने रोगी दगावतो आणि न तपासता दिले तरी दगावू शकतो.

न दिल्याचे उदाहरण इंग्लंडचे. विंडोजमधल्या एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पॅच दिला होता. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आले. तोपर्यंत असंख्य यंत्रांवर तो पॅच चढलाच नव्हता. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना झळ बसली आणि रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज होता. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने तोच दोष वापरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातले एक टर्मिनल बंद पडले. उलट टोकाचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. क्राउडस्ट्राइक कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये बसते. त्याची एक सदोष फाईल टप्प्याटप्प्याने न पाठवता जगभर एकदमच गेली आणि सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. अनेक रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

मग तपासायचे कसे? लिनक्समध्ये पॅच कोणी लिहिला, कोणी वाचला, कोणी चालवून पाहिला, हे नावानिशी नोंदले जाते. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधी ती साधारण दोन दिवस सर्वांसमोर तपासणीला ठेवतात. कर्नल बांधण्यासाठी कंटेनर फार उपयोगी पडतो, कारण त्यात साधनांचा तोच संच कुठेही तसाच उभा करता येतो. पण नवा कर्नल कंटेनरमध्ये चालवून पाहता येत नाही. कंटेनर चालतो तो खालच्या यंत्राच्या जुन्याच कर्नलवर. ‘आम्ही कंटेनरमध्ये तपासले’ असे कोणी सांगितले, तर त्याने बहुधा सॉफ्टवेअर तपासले, कर्नल नव्हे. त्यासाठी वेगळे आभासी किंवा खरे यंत्र नव्या कर्नलवर सुरू करावे लागते आणि त्यावर कंटेनर चढवून पाहावे लागतात. निविदा समित्यांनी एवढा एक प्रश्न जरी विचारला तरी पुष्कळ उलगडा होईल.

खरी अडचण अर्थात वेळेची आहे. कर्नल बदलला की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात ती वीस मिनिटे द्यायची कोणी? म्हणून ‘पुढच्या आठवड्यात’ होते आणि आठवड्यांचे महिने होतात. चालू यंत्रावर पॅच चढवण्याची सोय आता आहे, धडधडत्या हृदयावर बायपास करावी तशी. पण ती प्रत्येक बदलाला चालत नाही.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हर बाधित झाले आणि बरेच दिवस कारभार कागदावर चालला. तिथे नेटवर्कची नीट विभागणी नव्हती, असे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे पॅच हे सर्वस्व नव्हे. तरी तो महिन्याकाठी करण्याजोगा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी खऱ्या सर्व्हरसारखे एक जास्तीचे यंत्र लागते आणि त्यात रुग्णांची खरी नव्हे, बनावट माहिती ठेवावी. पॅच आधी त्यावर, मग कमी जोखमीच्या एका विभागात, मग सर्वत्र. कोणत्या यंत्रावर कोणता कर्नल आहे, याची वही असावी. कंत्राटात पॅच कोण आणि किती दिवसांत चढवणार, हे लिहिलेले असावे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात ‘नाइलिट’चे केंद्र आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बनावट माहितीच्या यंत्रावर चाचण्या चालवायला तिथल्या विद्यार्थ्यांइतके उत्सुक हात दुसरे मिळणार नाहीत.

आणि महिन्यातली एक रात्र ठरवून घ्यावी. रक्तपेढीला आणि अपघात विभागाला आदल्या दिवशी कळवावे, खिडकीवर कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा आणि दोन पेने ठेवावीत. एवढ्यासाठी मंत्रालयात फाईल पाठवावी लागत नाही.