मध्यावर थांबलेला काटा

मोटारीच्या दर्शनी फलकावर कूलंटच्या तापमानाचा जो काटा कारखान्यातूनच बसवून येतो, तो मध्यावर स्थिर आहे तोवर इंजिनाची प्रकृती उत्तम आहे, अशी एक समजूत ट्रॅक डेला हौसेने जाणाऱ्या मंडळींत दृढमूल झाली आहे. आणि ही समजूत निर्धास्तपणे बाळगणाऱ्यांत मीही एक होतो, म्हणूनच तिचे खंडन करण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे की, ज्यांनी इंजिन घडवले त्यांनीच गेज आणि इशाऱ्याचा दिवा दिला, तेव्हा त्यांच्या बंदोबस्तावर आपण अविश्वास का दाखवावा? या म्हणण्यात गृहीत धरलेली गोष्टच मुळात खरी नाही. पुष्कळशा आधुनिक गाड्यांत हा काटा मुद्दाम मंद केलेला असतो. कूलंट सुमारे ८० अंशांवर असो वा १०५ अंशांवर, काटा आपली जागा सोडत नाही, कारण घाट चढताना तो थोडा वर सरकला तरी धास्तावलेला गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतो. माझदाच्या एमएक्स-५ या १९८९ साली आलेल्या गाडीत प्रारंभी तेलाचा खरा दाब दाखवणारे गेज होते. पुढे नव्वदीच्या दशकाच्या मध्यात त्याच जागी केवळ एका स्विचवर हलणारा काटा आला, जो दाब पुरेसा असो वा जेमतेम असो, सारख्याच समाधानाने मध्यावर उभा राहतो. आणि तांबडा दिवा? तो बहुधा दाब ०.३ ते ०.५ बारपर्यंत खाली आल्यावर पेटतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाला मात्र चारेक बार दाब हवा असतो. या दोहोंच्या मधल्या सबंध प्रदेशात इंजिनाचा नाश होऊ शकतो आणि त्याची कसलीही इत्तला चालकाला मिळत नाही.

हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, आणि त्या फटीतल्या तेलाच्या पापुद्र्यावर शाफ्ट अक्षरशः तरंगत असतो. लांब वळणात गाडीवर तिच्या वजनाइतके बल आडवे लागले, की इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो, तेल एका भिंतीवर चढते, आणि पंपाची शोषनळी क्षणभर हवा ओढू लागते. त्यातच तेल १३० अंशांच्या पुढे गेलेले असले, तर ते इतके पातळ झालेले असते की दाब मुळातच उतरलेला असतो. रस्त्यावर हा प्रसंग सहसा येत नाही; ट्रॅकवर तो दर फेरीला येतो.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे: ट्रॅकवर काट्यांकडे पाहायला सवड कोणाला असते? सवड नसते हे मी निःसंकोच मान्य करतो. पण त्यावरून मोजमापच नको असा निष्कर्ष निघत नाही, तर मोजमापाने स्वतःहून चालकाला हाक मारली पाहिजे असा निघतो. जुने रेसचालक सगळी गेजे अशी फिरवून बसवीत, की सारे काही ठीक असताना सर्व काटे सरळ वर उभे असत आणि एखादा कलला की नजरेच्या कोपऱ्यातही तो खुपे. आज नजरेच्या रेषेत एक ठळक दिवा बसवून, ३,००० फेऱ्यांच्या वर दाब अडीच बारखाली गेला की तो पेटावा, अशी तजवीज अल्प खर्चात करता येते. गाडीतले आकडे दाखवणाऱ्या फोनवरच्या ॲपचा हवाला देणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की बहुतेक साध्या गाड्यांत तेलाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. जे गाडीलाच ठाऊक नाही ते फोन कोठून सांगणार?

राहता राहिला अनुभवी कानांचा दाखला. मिस्त्री लोकांच्या कानांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु बेअरिंगची ठकठक कानी येते तेव्हा बेअरिंग आधीच गेलेले असते. पुण्याहून अकराशेहून अधिक किलोमीटर जाऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर मी गाडी चालवली, तेव्हा तिसऱ्या सत्रात ती ठकठक मला ऐकू आली. काटा मध्यावर होता आणि दिवा एकदाही पेटला नव्हता. पुढे पुण्यात चेंबर उतरवल्यावर मिस्त्रींनी बेअरिंगचा अर्धगोल तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "साहेब, हे बघा, तांबं दिसायला लागलंय," ते म्हणाले. करड्या रंगाचा वरचा थर पुसला जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता, आणि कापलेल्या ऑइल फिल्टरच्या कागदी घड्या उन्हात धरल्या तेव्हा त्यांत अभ्रकासारखी चमक होती.

म्हणून माझा पक्ष असा, की टायर आणि ब्रेक यांच्यावर खर्च करण्यापूर्वी तेलाचा दाब, मग तेलाचे तापमान, आणि त्यानंतर कूलंटचे खरे तापमान व दाब, या क्रमाने पैसा लावावा. कूलंटचा दाब मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण पाणी गळून गेले की तापमानाचा सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि खोटा आकडा दाखवू लागतो, दाब मात्र गळतीबरोबरच उतरतो. सेन्सर बसवताना आट्यांची रुजवात अवश्य घालावी: जपानी इंजिनांत बहुधा इंचाला २८ आटे असतात, अमेरिकी जोडणीत २७, बळाने पिळले तर दोन्ही बसल्यासारखे वाटतात, आणि तडा मात्र ॲल्युमिनियमला जातो.

इंजिन पुन्हा बांधल्यावर मी त्याच ट्रॅकवर दाबाची नोंद घेतली. एका लांब उजव्या वळणात, प्रत्येक फेरीला, सेकंदाहून कमी काळ, दाब ४.१ वरून १.६ बारवर येत होता. चेंबरमध्ये तेल अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या, अर्धा लिटर तेल जास्त घातले, आणि पुढच्या खेपेस त्याच वळणात आकडा ३.४ च्या खाली गेला नाही.