परिचारिकेच्या पदवीचे मोल

परिचर्या महाविद्यालयात ‘पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग’चा नवा वर्ग भरतो, तेव्हा समोरच्या बाकांवर बसलेल्या विद्यार्थिनींकडे पाहून एखाद्या तरुण अध्यापिकेला क्षणभर संकोच वाटावा. कोणी दहा, कोणी पंधरा वर्षे रुग्णालयात काढलेली. अपघात विभागातील रात्री, प्रसूतिगृहातील पहाट, अतिदक्षता विभागातील मृत्यू, हे सारे पाहून झालेले. घरी शाळकरी मूल, आजारी सासू आणि गृहकर्जाचा हप्ता. अशी स्त्री पुन्हा वही उघडून जीवरसायनशास्त्राची सूत्रे पाठ करू लागते, तेव्हा तिला त्याची नेमकी काय गरज पडली, असा प्रश्न तिच्या घरचे विचारतात, सहकारी विचारतात आणि पुष्कळदा तिची रजा मंजूर करणारा अधिकारीही विचारतो.

ही विद्यार्थिनी अशिक्षित नाही. जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे जीएनएम, ही पदविका तिने कधीच मिळवलेली आहे. परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत परिचारिका आणि प्रसाविका म्हणून तिचे नाव आहे. तरीही विद्यापीठाच्या लेखी ती पदवीधर नाही. तिच्यासाठी असलेला हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम देशात प्रथम १९६३ मध्ये तिरुअनंतपुरमला सुरू झाला. बारावीनंतर थेट परिचर्येची पदवी देण्यास त्यापूर्वीच, १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर येथे आरंभ झाला होता. त्याच वर्षी भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा जो विस्तृत आराखडा मांडला, त्यात परिचारिकांच्या विद्यापीठीय शिक्षणाचा आग्रह होता. महर्षी कर्वे यांनी उभारलेल्या महिला विद्यापीठाने मुंबईत १९६४ मध्ये लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले. पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये सेवेतील परिचारिकांसाठी दूरशिक्षणाची वाट उघडली. त्यात पाच वर्षांचा अनुभव असेल तर केवळ दहावीनंतर पदविका घेतलेल्या परिचारिकेलाही प्रवेश होता. परिस्थितीमुळे सोळाव्या-सतराव्या वर्षी शुश्रूषेच्या शाळेत गेलेल्या मुलींना ही केवढी मोठी संधी होती, हे त्या पिढीतील परिचारिकाच जाणतात.

म्हणजे वाट आहे, आणि ती साठ वर्षांहून जुनी आहे. ती चालणाऱ्या स्त्रीला समाज काय देतो, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या समाजाला परिचारिकेचे कौतुक नाही, असे म्हणता येणार नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, थाळ्या वाजल्या, पुष्पवृष्टी झाली. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाला गुलाबाचे फूल आणि ‘त्यागमूर्ती’, ‘सेवेची गंगा’ अशी विशेषणे मिळतात. ती खोटी नाहीत. परंतु ती सारी विशेषणे हृदयाची आहेत, बुद्धीचे एकही नाही. परिचारिका प्रेमळ असावी, सोशिक असावी, हसतमुख असावी. ती जाणती असावी, हे मात्र कोणी आवर्जून म्हणत नाही.

ज्या परंपरेचा अभिमान आपण बाळगतो, तिने असे म्हटलेले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण आहेत. परिचारकाचे गुण सांगताना चरकाचार्यांनी पहिला गुण सांगितला तो उपचारज्ञता, म्हणजे शुश्रूषेचे ज्ञान. दुसरे दाक्ष्य, तिसरा रुग्णाविषयीचा अनुराग आणि चौथे शौच. वाग्भटांनी क्रम बदलून अनुराग आधी घेतला हे खरे. पण बुद्धी त्यांनीही सोडली नाही. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या वैद्यकाने परिचारकाला वैद्याच्या हाताखालचा हरकाम्या मानले नव्हते; चिकित्सा ज्या चार पायांवर उभी राहते त्यांतील एक मानले होते.

मधल्या शतकांत हे भान सुटले. परक्याच्या देहाचे मलमूत्र काढणे हे हीन काम ठरले, सोवळ्याओवळ्याने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि कुलीन घरातील स्त्रीने रुग्णालयात रात्र काढणे तर अब्रूवर उठले. या काळात शुश्रूषेचे शिक्षण देशभर प्रामुख्याने ख्रिस्ती मिशनऱ्यांनी उभे केले. त्यांच्या हेतूंविषयी या समाजाने पुष्कळ लिहिले, बोलले; त्यातील बरेचसे रास्तही होते. परंतु ती जागा रिकामी कोणी ठेवली होती, याचे उत्तर हिंदू समाजालाच द्यावे लागेल. ते उत्तर कृतीने देणारी माणसे थोडी होती. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुण्यातील सेवासदनाने १९०९ नंतर विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळवून दिले. त्या काळी त्यांना किती कुत्सित बोल सोसावे लागले असतील, याची कल्पना करता येते. रमाबाईंनी त्या स्त्रियांना नुसता आश्रय दिला नाही, शिक्षण दिले. ज्ञानाखेरीज सेवा ही दुसऱ्याच्या दयेवर जगते, हे त्यांना उमगले होते.

ज्ञानाने खरोखर काय फरक पडतो? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आपल्या निकालात या शुश्रूषेची गौरवाने दखल घेतली. लोकांनी त्यात माया पाहिली, ती होतीच. पण केवळ मायेने शय्याव्रण टळत नाही. देहाचा भार कोठे पडतो, कातडीचा रंग कधी बदलतो, किती तासांनी कूस पालटायची, पोटात प्रथिने किती गेली पाहिजेत, हे शास्त्र आहे, आणि पिढ्यामागून पिढ्या ते पाळले गेले म्हणून तो देह जपला गेला.

डॉक्टर दिवसातून एकदोनदा फेरीला येतात. उरलेले सारे तास रुग्णाच्या उशाशी परिचारिका असते. श्वासाची गती मिनिटाला सोळावरून चोवीसवर गेली, लघवी कमी झाली, रुग्ण किंचित असंबद्ध बोलू लागला. जंतुसंसर्ग रक्तात पसरत असल्याची ही पहिली चिन्हे तिलाच दिसतात. त्यांची एकत्र संगती लावून मध्यरात्री डॉक्टरांना उठवायचे की सकाळची वाट पाहायची, हा निर्णय तिचा असतो. युरोपातील नऊ देशांच्या तीनशे रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष आपल्याकडे सांगितला जात नाही. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढते. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष होता. सरकारी कक्षात रात्रपाळीला जाऊन कोणीही खाटा मोजून पाहाव्यात. चाळीस रुग्णांमागे एकटी असलेली परिचारिका पदवीधर असली तरी चाळीस ठिकाणी असू शकत नाही.

पदवीच्या दोन वर्षांत सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, मनोरुग्ण परिचर्या यांबरोबर प्रशासन, अध्यापन, संशोधन आणि संख्याशास्त्र यांची ओळख होते. हे शेवटचे विषय ऐकून अनेक जण हसतात. रुग्णाच्या उशाशी संख्याशास्त्र कशाला? पण आपल्या कक्षात मूत्रनलिकेमुळे होणारा संसर्ग गेल्या तीन महिन्यांत वाढला आहे, असे तोंडी म्हणणाऱ्या परिचारिकेकडे कोणी लक्ष देत नाही. आकडे मांडून तेच म्हणणारीचे म्हणणे डावलता येत नाही.

आता या पदवीची किंमत पाहा. सरकारी सेवेतील परिचारिकेला अध्ययन रजेची तरतूद आहे, परंतु कक्षात मनुष्यबळच अपुरे असल्याने एकीला सोडणे म्हणजे उरलेल्यांवर भार टाकणे, आणि म्हणून अर्ज वर्षानुवर्षे फिरत राहतात. रजा मिळाली तर बंधपत्र आले. खासगी रुग्णालयात तर रजा नाहीच, राजीनामाच. दोन वर्षांचे वेतन गमवायचे, वर शुल्क भरायचे. आणि परत आल्यावर? केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर पदासाठी पदवीधर आणि दोन वर्षे अनुभवाची पदविकाधारक या दोघीही पात्र असतात; पद एक, वेतनश्रेणी एक. अनुभवाचा हा मान योग्यच आहे. परंतु अनुभव आणि पदवी दोन्ही असलेल्या परिचारिकेला त्याच कक्षात, त्याच पाळीवर, तीच कामे करायला परत पाठवले जाते, तेव्हा तिच्या दोन वर्षांचे व्यवस्थेने काय केले? अधिपरिचारिकेपासून परिसेविका आणि अधिसेविकेपर्यंतची वाट बहुतांशी ज्येष्ठतेच्या पायऱ्यांनीच चढायची असते.

मग ती परदेशाकडे पाहते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जे ज्ञान येथे रजेच्या अर्जात अडकते, त्याला तेथे वेतन आणि प्रतिष्ठा मिळते. अशा मुलींना देशप्रेमाचे धडे देण्याचा मोह पुष्कळांना होतो. आधी त्यांचे वेतनपत्रक पाहावे.

पदवीच्या या मागणीने एक दुसरा बाजारही फोफावला आहे. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा प्रारंभी त्यांतील केवळ १६९ योग्य ठरली. आणि २०२४ च्या मे महिन्यात तपास पथकातील अधिकाऱ्यालाच लाच प्रकरणात अटक झाली. शासन कोणत्या पक्षाचे, हा येथे मुद्दा नाही. ज्या महाविद्यालयाला रुग्णालयच नाही, तेथून बाहेर पडलेल्या पदवीधारकाच्या हाती कोणाचे तरी वडील, कोणाचे तरी बाळ सोपवले जाणार आहे. हजेरी विकून दिलेली पदवी प्रामाणिकपणे शिकलेल्या परिचारिकेच्या पदवीचेही मोल उतरवते.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत करून १९४७ च्या जुन्या परिषद कायद्याची जागा घेणारी व्यवस्था निश्चित केली. महाविद्यालयांचे मूल्यांकन ही त्यातील महत्त्वाची बाब आहे. पण कायदा रजा देत नाही. ते काम राज्यांचे आणि रुग्णालये चालवणाऱ्या संस्थांचे आहे. पदवीसाठी जाणाऱ्या परिचारिकेच्या जागी तात्पुरती नेमणूक करणे, तिचे वेतन चालू ठेवणे, परतल्यावर संसर्ग नियंत्रण, प्रशिक्षण वा कक्षप्रमुखाची जबाबदारी तिच्याकडे सोपवून तिला वेतनवाढ देणे, यांत अशक्य असे काहीच नाही. सेवेचे व्रत घेतलेल्या, समाजाच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांनी तरी शासनाच्या आदेशाची वाट का पाहावी? दरवर्षी आपल्या दोन परिचारिकांना पूर्ण वेतनावर शिकायला पाठवणे मध्यम आकाराच्या न्यासाला जड नाही. एखाद्या यंत्राच्या लोकार्पण सोहळ्यावर याहून अधिक खर्च होतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी परिचर्या महाविद्यालये काढण्याचा निर्णय घेतला आणि त्यासाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले. इमारती उभ्या राहतील. त्यांत शिकवायला एम.एस्सी. झालेल्या अध्यापिका लागतील, आणि एम.एस्सी.चे दार बी.एस्सी.वाचून उघडत नाही. या अध्यापिका म्हणून ज्यांनी उभे राहायचे, त्यांतील कितीतरी जणी आज एखाद्या जिल्हा रुग्णालयात रात्रपाळीवर आहेत, आणि त्यांच्या अध्ययन रजेचा अर्ज अजून कार्यालयातच आहे.