पीडीएफ दिली म्हणजे टिपणं पोहोचली असं नाही

गणिताची टिपणं विद्यार्थ्यांना नुसत्या पीडीएफमध्ये देणं पुरेसं नाही. त्यांचं वेब पान करून देणं हाही शिकवण्याचाच भाग आहे आणि तो शिक्षकानेच करायला हवा, असं माझं मत आहे. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात बीएस्सीला गणित शिकवते. टिपणं लाटेकमध्ये लिहिते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये आणलेली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेलं लाटेक, यांच्याइतकं देखणं गणित छापणारं दुसरं साधन मला माहीत नाही. पण तो देखणेपणा कागदासाठी आहे.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. “मॅडम, वर काय आणि खाली काय, हेच कळत नाही,” असं तो म्हणाला, तेव्हा मी शेजारी बसून त्याच्यासोबत ऐकलं. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं वर्गसमीकरणाचं सूत्र घ्या. वर उणे बी, अधिक-उणे वर्गमूळात बी वर्ग वजा चार ए सी, आणि या सगळ्याच्या खाली दोन ए. पीडीएफमधून हे बाहेर पडतं तेव्हा अपूर्णांकाची रेघ जाते, वर्गमूळ कुठपर्यंत आहे ते जातं आणि ‘बी वर्ग’चं होतं ‘बी दोन’. दोन ए सगळ्याच्या खाली आहे की नुसतं शेजारी, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. ज्याला सूत्र आधीच येतं त्यालाच ते कळणार, मग टिपणाचा उपयोग काय?

डोळस मुलांचेही हाल होतात. बहुतेक मुलं फोनवरच वाचतात. ए-फोर आकाराचं पान दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचं, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे यायचं. अशा वाचनात सिद्धतेचा धागा टिकत नाही.

लाटेकची फाइल वेब पानात बदलणारी साधनं आहेत, मोफत आहेत आणि जुनी आहेत. मी वापरते ते टेकफोरएचटी. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातले एतान गुरारी यांनी ते लिहिलं. २००९ मध्ये त्यांचं अचानक निधन झालं. त्यानंतर ते जिवंत ठेवण्यात कार्ल बेरी यांच्याबरोबर केरळचे सी. व्ही. राधाकृष्णन यांचा हात होता. आपल्याच देशातल्या माणसाने जपलेलं हे साधन आपल्या विद्यापीठांत फारसं कुणी उघडत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याला चालवणारं मेकफोरएचटी हे साधन चेकियातल्या मिखाल होफ्टिख यांनी तयार केलं. लाटेक पुन्हा पुन्हा चालवणं, संदर्भांचे क्रमांक जुळवणं, आकृत्या वेगळ्या काढणं हे सगळं ते एका कमांडवर करतं.

पण नुसती कमांड देऊन भागत नाही. सेटिंग तशीच सोडली तर अवघड समीकरणांची चित्रं होतात आणि चित्रातलं समीकरण कुठलाही स्क्रीन रीडर उलगडून सांगू शकत नाही. म्हणून कॉन्फिग फाइल लिहावी लागते. छोटीच असते, पण तिच्यातली प्रत्येक ओळ हा एक निर्णय असतो. माझा पहिला निर्णय मॅथएमएलचा. यात समीकरणाची रचनाच पानात उतरते: हा अंश, हा छेद, हा घातांक. एनव्हीडीएला मॅथकॅट नावाची मोफत जोड दिली की विद्यार्थी बाणांच्या कळांनी अंशातून छेदात जाऊ शकतो. मॅथजॅक्सचाही पर्याय आहे, पण साधारणपणे ते पान उघडताना इंटरनेटवरून कोड मागवतं. आमच्याकडच्या मुलांना फाइल एकदा उतरवून घरी, नेटवर्क नसतानाही वाचता यायला हवी. फायरफॉक्स मॅथएमएल पूर्वीपासून दाखवत होता. जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९व्या आवृत्तीतही ती सोय आली, तेव्हा माझ्यापुरता हा प्रश्न मिटला.

दुसरा निर्णय प्रमेयांचा. छापील पानावर ‘प्रमेय ३.२’ ठळक दिसतं, डोळा तिथे आपोआप जातो. वेब पानात मात्र ते नुसता ठळक मजकूर राहून चालत नाही, त्याला शीर्षकाचा दर्जा द्यावा लागतो. मग एनव्हीडीएमध्ये एच ही कळ दाबत एका प्रमेयावरून दुसऱ्यावर जाता येतं. व्याख्येला हा दर्जा द्यायचा का? मी दिला. उदाहरणांना? नाही दिला, कारण मग शीर्षकांची गर्दी होते आणि प्रमेय हरवतं. हे कुठल्या तंत्रज्ञाला विचारून ठरत नाही. वर्गात कशावर जोर द्यायचा हे ज्याला माहीत आहे, त्यानेच हे ठरवावं.

आकृत्यांचंही तसंच. लाटेकमध्ये आकृतीला पर्यायी मजकूर जोडता येतो. तिथे ‘आकृती ५’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ‘वक्र मूळबिंदूतून जातो, डावीकडे एक्स अक्षाच्या खाली आहे आणि उजवीकडे सतत चढत जातो’ असं लिहावं लागतं. याला वेळ लागतो, सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो. मराठी मजकुराची मात्र मला धास्ती होती तितका त्रास झाला नाही. लुआलाटेकच्या मार्गाने गेलं की अक्षरं युनिकोडमध्येच पानावर येतात आणि जोडाक्षरं ब्राउझर जुळवतो.

पीडीएफ मोडीत काढा असं मी म्हणत नाही. परीक्षेआधी झेरॉक्स काढायला, पान क्रमांक सांगून संदर्भ द्यायला तीच बरी. म्हणणं एवढंच आहे की मूळ फाइल एकच असते, तिच्यातून दोन्ही निघतं, मग एकच देऊन का थांबायचं?

इथे अर्काइव्हकडे पाहावं. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेलं हे संशोधन-लेखांचं भांडार टेकमध्ये लिहिलेल्या लेखाची नुसती पीडीएफ घेत नाही, मूळ फाइल मागतं. डिसेंबर २०२३ पासून तिथे नव्या लेखांची वेब पानंही मिळू लागली, ती लाटेकएमएल या साधनाने बनतात. दृष्टिहीन संशोधकांची अडचण हे त्यामागचं मोठं कारण होतं. मूळ फाइल हाताशी होती म्हणूनच हे करता आलं. आपल्याकडे शोधगंगेवर प्रबंध पीडीएफ रूपात जमा होतात. लाटेकमध्ये लिहिलेल्या प्रबंधाची मूळ फाइलही विद्यापीठांनी त्याच वेळी घ्यावी. ती नंतर मागायला जावं तर उमेदवार नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि लॅपटॉप बदललेला असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम स्वरूपातला मजकूर हा हक्क मानला आहे. तेव्हा टिपणांची पानं करण्याचं काम शिक्षकाच्या कार्यभारात धरलं जावं. आज ते रात्री घरी बसून करायचं काम आहे आणि त्यामुळे ते करणारे थोडे आहेत. कार्यशाळेत लाटेक शिकवतात तेव्हा शेवटचं एक सत्र या रूपांतराला द्यावं. माझी कॉन्फिग फाइल मी विभागातल्या सहकाऱ्यांना दिली आहे. दुसऱ्या महाविद्यालयातल्या कुणी मागितली तर त्यांनाही देईन. तिच्यात प्रमेय, व्याख्या आणि उपप्रमेय यांची नावं ज्याच्या त्याच्या फाइलप्रमाणे बदलून घ्यावी लागतील, बाकी ती आहे तशी चालते.