दुधाच्या हिशेबाशेजारी

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण काय काय लिहितो! दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, भिशी कुणाकडे. पण आपलं डोकं कधी दुखलं, हे त्यावर कधी लिहिलंय?

ते लिहिण्यासारखं आपल्याला वाटतच नाही. 'पित्त झालं असेल' म्हणायचं, कपाळाला बाम चोळायचा, ओढणी घट्ट बांधायची आणि पोळ्या लाटायला उभं राहायचं. घरचेही म्हणतात, "हिचं नेहमीचंच आहे." पाहुणे यायच्या दिवशी दुखलं, तर नाटक ठरतं ते वेगळंच.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हे नाटक नाही. तो मेंदूशी निगडित आजार आहे. बहुतेक वेळा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. औषध घेतलं नाही तर हे दुखणं ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतं. पुरुषांच्या मानाने बायकांना हा त्रास दोन-तीन पट जास्त होतो. पाळीच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, हे त्यामागचं एक कारण.

बाकीची कारणं मात्र जिची तिला शोधावी लागतात. एकीला चतुर्थीचा कडक उपास भोवतो, दुसरीला लग्नघरातलं जागरण. कुणाला भर उन्हातला बाजार, कुणाला उदबत्तीचा किंवा अत्तराचा उग्र वास, तर कुणाला चुकलेला सकाळचा चहा. कधी कधी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की मगच डोकं उठतं.

म्हणून दुधाच्या हिशेबाशेजारी डोक्याचाही हिशेब ठेवा. दुखलं त्या तारखेला खूण करा. किती वेळ दुखलं, आदल्या दिवशी झोप आणि जेवण कसं झालं, पाळी कधी आली, गोळी कोणती घेतली, एवढंच लिहा. दोन-तीन महिन्यांत आपलं कारण बरंचसं दिसू लागतं. डॉक्टरांकडे जाताना तेच पान घेऊन जा.

गोळ्यांचा हिशेब तर हवाच. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं सलग काही महिने घेतलं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. वारंवार त्रास होत असेल, तर तो येऊच नये म्हणून वेगळी औषधं मिळतात. दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या रेषा दिसत असतील, तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. दिवस गेले असतील, तर मनाने कुठलीच गोळी घेऊ नका.

आणि हो, अचानक, कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, किंवा तापाबरोबर मान आखडली, तर कॅलेंडर राहू दे. तडक दवाखाना गाठा.

उपास सोडा, असं कुणी म्हणत नाही. पण उपाशीपोटी डोकं उठतं हे कॅलेंडरवर दिसलं, तर थोडं फराळाचं खाऊन उपास करायला काय हरकत आहे? देव रागावणार नाही. घरच्यांना समजवायचं असेल, तर त्या महिन्याचं पान दाखवा. लिहिलेला हिशेब सहसा कुणी खोटा म्हणत नाही.